झेल्दीकुम, मुक्काम पोस्ट हिगाशी-कसाई

अंबरीष देवधर झेल्दीकुमचा अकीम म्हणून निवडून आला. बिनविरोध आला, आणि मतदान शंभर टक्के झालं. मतदार तो एकटाच होता.

हे झालं खरं, पण ते झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. झेल्दीकुम नावाचं शहर आता नाही. शहरच नाही तर त्याला अकीम, म्हणजे कझाकस्तानात ज्याला नगराध्यक्षही म्हणतात आणि गावचा कारभारीही म्हणतात तो माणूस, कुठून असणार? आणि तोयोसुतल्या नकाशा कंपनीत डेटा तपासणाऱ्या, डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला तिकडे मत कोण देणार? त्याच्या बायकोला, सुलेखाला, आजही कोणी विचारलं तर ती हेच सांगते. सांगताना फक्त भिंतीकडे बघत नाही.

तर काहीच झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट.

टोकियोत, हिगाशी-कसाईच्या त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर ६०४मध्ये देवधर राहायचे आणि ६०५मध्ये हरीश आणि शैलजा. देवधरांची जुई आणि त्यांची अक्षया एकाच वर्गात होत्या. दोन्ही घरांमध्ये वाट्यांची अखंड ये-जा असे. इकडून आमटी गेली की तिकडून वाटी रिकामी यायची नाही. काही नसेल तर चमचाभर साखर, तीही नसेल तर चार बेदाणे, पण वाटीचा तळ दिसता कामा नये. आणि वाटी पोचवायला मोठं माणूस कधी उठायचं नाही. "जा गं, काकूला देऊन ये," एवढ्यासाठीच तर घरात मुलं असतात.

मार्चमध्ये हरीशचं पोस्टिंग संपलं आणि ते लोक पुण्याला गेले. फ्लॅट तसाच पडून राहिला. जुई मात्र शाळेतून आली की शाळेची पिवळी टोपी डोक्यावरच ठेवून ६०५ची बेल दाबायची, थोडा वेळ थांबायची, मग घरात येऊन जपानीत सांगायची, "दारे मो इनाइ." कोणीच नाही.

"अगं, माहितीये ना तुला, ती गेली," सुलेखा म्हणायची.

"हाइ," म्हणजे हो, असं जुई म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत बेल दाबायची.

याच सुमारास अंबरीषकडे कझाकस्तान आला. म्हणजे कामाला आला. कुठल्याशा पार्सल पोचवणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या देशातल्या प्रत्येक ठिकाणाचा दर्जा नकाशात बरोबर हवा होता. आपल्याकडे नगरपरिषदा कशा अ, ब, क वर्गाच्या असतात, तशी तिकडे शहरं तीन पायऱ्यांवर बसवलेली आहेत. सगळ्यात वर राष्ट्रीय महत्त्वाची शहरं, अस्ताना, अल्माती आणि दहा लाखांचा आकडा गाठून मागाहून आत आलेलं शिमकेंत. मग प्रांतिक महत्त्वाची, साधारण पन्नास हजारांच्या वरची. मग तालुका महत्त्वाची. त्यांना निदान दहा हजार माणसं लागतात. त्याखाली आलात की तुम्ही खेडं. बड्या शहरांचे अकीम वरून नेमून येतात, गावांचे हल्ली लोक निवडतात. अंबरीषला हे सगळं फार आवडलं. माणसांना महत्त्व नसलं तरी गावांना ते रीतसर वाटून दिलेलं आहे, हे वाचून त्याला बरं वाटायचं.

तिथेच त्याला झेल्दीकुम भेटलं. एके काळी तालुका महत्त्वाचं शहर. खाण बंद पडली, माणसं उठून गेली, शहराचं खेडं झालं, मग खेड्यातही कोणी उरलं नाही. आता तिथे गवत होतं आणि वारा होता. अंबरीषने नोंद पुसायला घेतली, तर सिस्टीम ती पुसू देईना.

"देवधर-सान," शेजारच्या टेबलावरून निशिमुरा-सान म्हणाले, "नुसतं पुसता येत नाही. ठिकाण रद्द झालं की ते कशात विलीन झालं ते भरावं लागतं. वारस."

"पण हे कशातच विलीन झालेलं नाही. सगळे निघून गेले."

निशिमुरा-सान खूप वेळ विचार करत राहिले. "वाईट झालं," ते शेवटी म्हणाले. "पण वारस भरावा लागतो."

शुक्रवार होता. गिऱ्हाइकाला डेटा सोमवारी हवा होता. अशा वेळी या धंद्यातला माणूस जे करतो तेच अंबरीषने केलं. रिकाम्या चौकटीत कुठलातरी पत्ता ठोकून दिला, नंतर बदलू म्हणून. स्वतःचा टाकला नाही, कारण मागे एकदा टाकला होता आणि चाचणीची पार्सलं घरी येऊन पडली होती. त्याने ६०५चा टाकला. तिथे नाहीतरी कोणी राहत नव्हतं.

नंतर बदलायचं तो अर्थातच विसरला.

*

रविवारी सकाळी दारात एक लाकडी वाडगा होता. त्यात तळलेल्या कणकेचे फुगलेले गोळे होते. गोड नाहीत आणि खारटही नाहीत, पण एक खाल्ला की दुसरा घ्यावासा वाटावा असे.

"शेजारी कोणीतरी आलं वाटतं," सुलेखा म्हणाली. "बघ, पद्धतीची माणसं आहेत. नाहीतर इथे कोण कोणाला विचारतं? तो पलीकडचा राजीव दोन वर्षं राहतोय, लिफ्टमध्ये भेटला की मजले मोजत बसतो."

"कोण आलंय ते बघितलंस का?"

"त्यात बघायचं काय? येतील समोर." तिने वाडगा घासला, पुसला, त्यात शंकरपाळ्या भरल्या. "जुई, जा गं, शेजारी देऊन ये."

जुई वाडगा घेऊन पळाली. बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. आणि मग जुई इतका वेळ आली नाही, की सुलेखाने दोनदा तिकडे मान वळवून पाहिलं. आली ती हसत आली. मार्चनंतर पहिल्यांदाच.

"कोण आहेत गं?"

"इप्पाइ इरु," जुई म्हणाली. खूप जण आहेत.

त्या आठवड्यात वाडगा सारखा ये-जा करत राहिला. तिकडून कधी घट्ट दह्याचे खडे आले, कधी चहात टाकायची साय. इकडून चिवडा गेला, उपमा गेला, एकदा तर ऑफिसातून आणलेली बिस्किटं गेली, कारण दुसरं काही घरात नव्हतं आणि रिकामं पाठवायची सोय नव्हती. जुईच्या बुटांतून वाळू पडायला लागली. बारीक, फिकट वाळू. कसाईच्या समुद्राची वाळू काळपट असते, हे अंबरीषला माहीत होतं. शाळेत खेळली असेल, असं तो स्वतःला म्हणाला.

मग भिंतीतून वारा ऐकू यायला लागला. सहाव्या मजल्यावर वारा असतोच, पण तो बाहेरून येतो. हा आतून येत होता, ६०५च्या बाजूने, लांबवरून सुटलेला आणि वाटेत कशालाच न अडलेला. सकाळच्या चहाच्या वेळेला त्या वाऱ्यात एक घंटा वाजायची. घंटेनंतर कोणीतरी एकेक नाव घ्यायचं. नावामागून नाव, आणि प्रत्येक नावानंतर शांतता. कोणी ओ देत नव्हतं.

अंबरीषने इमारतीच्या केअरटेकरला गाठलं. म्हातारा कचऱ्याच्या पिशव्या बघत उभा होता, प्लास्टिकमध्ये कोणी काच घातली आहे का ते.

"६०५मध्ये कोण आलंय?"

"रिकामा आहे," केअरटेकर म्हणाला. "किल्ली माझ्याकडे आहे." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण कचरा अगदी बरोबर वेगळा करतात. तक्रार नाही."

त्या संध्याकाळी अंबरीषने वाडगा धुवायला घेतला आणि उलटा केला. तळाशी तापल्या सळईने अक्षरं कोरलेली होती. ती लिपी त्याला येत नव्हती, पण तो शब्द त्याने आठवडाभर पडद्यावर पाहिला होता. झेल्दीकुम.

त्याने घाईघाईने वाडग्यात पोहे भरले आणि या खेपेला तो स्वतः गेला.

*

दार लोटलेलंच होतं. आत बूट काढायची जागा होती, हरीशचं चपलांचं कपाट होतं, कपाटावर शैलजाने लावलेला गणपतीचा स्टिकर होता. त्याच्या पुढे फ्लॅट नव्हता. गवत होतं, क्षितिजापर्यंत, आणि त्यातून जाणारा एक रुंद रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पॉपलरची झाडं, एक अक्षरं गळालेलं सिनेमागृह, एक शाळा. आणि माणसं. जाड कोटातली, खूप माणसं, हात पुढे बांधून उभी. ती अंबरीषकडे बघत नव्हती. पाहुण्याकडे टक लावून बघू नये एवढी रीत त्यांना होती. ती पोह्यांकडे बघत होती.

त्यांच्यातून एक बुटका म्हातारा पुढे आला. डोक्यावर पांढरी लोकरी टोपी, अंगात कार्यालयीन कोट.

"६०४चे देवधर ना?" तो म्हणाला. "सदर भेटीची प्रतीक्षा होती. मी ओराझबेक, येथील अकीम. मयत."

अंबरीषला घाबरायला हवं होतं. पण आधी त्याला भलत्याच गोष्टीचं नवल वाटलं. "तुम्हाला मराठी कसं येतं?"

"या पत्त्याची भाषा मराठी अशी नोंद आहे. पूर्वीच्या रहिवाशांच्या पार्सलांमुळे. आम्ही नोंदीबाहेर जात नाही." त्याने वाडगा दोन्ही हातांनी घेतला. "विलीनीकरणाबद्दल नागरिकांच्या वतीने आभार. इतरांना गवतात विलीन करतात. आपण आम्हाला पत्ता दिलात. आपण स्वतः कोणत्या शहरात राहता?"

"टोकियोत. म्हणजे इथेच."

अकीमने मान हलवली. कोणाला वाईट बातमी द्यायची असली की हलवतात तशी. "टोकियो नावाचं शहर नाही, देवधर. १९४३ साली बरखास्त झालं. प्रांत आहे, वॉर्ड आहेत, शहर नाही. आल्यावर आम्ही पहिली भेट त्यालाच दिली. तेही असंच असतं कुठेतरी. फार सभ्य. कोणाला त्रास देत नाही."

वारा आला. कोटातली माणसं जराशी हलली, दोरीवरचे कपडे हलावेत तशी.

"ही सगळी माणसं..."

"काही मयत, काही स्थलांतरित. स्थलांतरित जिवंत असतात, पण माणूस गाव सोडतो तेव्हा पूर्ण जात नाही. मागे राहिलेला भाग आमच्याकडे असतो." अकीमने शाळेकडे बोट दाखवलं. "या पत्त्यावर आधीचाही असा थोडा भाग मिळाला. आम्ही सामावून घेतला."

शाळेच्या खिडकीत, शेवटच्या बाकावर, अक्षया बसली होती. मार्चमध्ये विमानतळावर घातलेला लाल स्वेटर घालून. पुण्यातल्या अक्षयाने कालच व्हिडिओ कॉलवर पडलेला दात दाखवला होता. हिचे सगळे दात जागेवर होते.

जुई कोणाला भेटून हसत येते ते आता अंबरीषला कळलं.

"माझी मुलगी इथे येते," तो म्हणाला. "ती पुन्हा येणार नाही."

"ते शक्य नाही," अकीम म्हणाला, आणि तो खरंच दिलगीर दिसत होता. "आमचा दर्जा दहा हजारांखाली आला तेव्हा पाटी उतरवली. ते चाललं. खेडं म्हणून राहिलो, तेही चाललं. पण शाळा बंद झाली आणि मग काही राहिलं नाही. शाळा गेली की गावात माणसं असली तरी ती नुसती माणसं असतात. शाळा उघडायला एक जिवंत मूल लागतं. पूर्ण. मागे राहिलेला भाग चालत नाही. आपली मुलगी स्वतःहून येते, वाडगा घेऊन येते. रोज हजेरी होते. एकदा तिने ओ दिली की आमच्याकडे मोजली गेली."

"आणि मग?"

"मग खेडं. खेडं झालं की पुढे शहर. दहा हजार लागतील. या भागात मुलंबाळं असलेली बरीच भारतीय कुटुंबं आहेत." त्याने पोह्यांचा वास घेतला. "वाडगे पाठवून बघू."

*

दुसऱ्या दिवशी अंबरीष ऑफिस उघडताच आत जाऊन बसला. झेल्दीकुमची नोंद उघडली. वारसाची चौकट करडी झाली होती, तिच्यात काही लिहिता येत नव्हतं.

"गिऱ्हाइकाने मान्य केलं की बंद होतं," निशिमुरा-सान म्हणाले. "बदलायचं असेल तर त्या ठिकाणच्या प्रमुखाची लेखी संमती लागते."

"त्या ठिकाणी कोणी नाही, निशिमुरा-सान. प्रमुख मेलाय."

"मग नवा प्रमुख?"

"कोण निवडणार? तिथे जिवंत माणूसच नाही."

निशिमुरा-सानांनी खूप वेळ विचार केला. "वाईट झालं," ते म्हणाले.

घरी येऊन त्याने सुलेखाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, फक्त पोळी लांबट व्हायला लागली.

"तू एका मेलेल्या गावाला हरीशच्या घरात घातलंस."

"तात्पुरतं."

"आणि मी आठवडाभर भुतांना उपमा पाठवतेय. मीठ जास्त झालेला उपमा." तिने लाटणं ठेवलं. "तो वाडगा कुठाय?"

वाडगा सकाळीच परत आला होता. त्यात वाळवलेले जर्दाळू होते. सुलेखाने ते कचऱ्यात ओतले. मग थांबून, काढून, ओल्या कचऱ्याच्या पिशवीत घातले. "रिकामा ठेवून ये त्यांच्या दारात. संबंध संपला. लाज वाटेल, वाटू दे."

"मी त्या अकीमला विचारलं होतं," अंबरीष म्हणाला. "त्यांच्यातही तेच आहे. रिकामं भांडं म्हणजे येणं-जाणं बंद."

"झालं तर मग!"

"उद्या सकाळी ठेवतो. हजेरीच्या आधी."

पण सकाळी घंटा लवकर वाजली. जुई टेबलाशी बसून दूध पीत होती, पिवळी टोपी डोक्यावर, दप्तर पाठीला. भिंतीपलीकडे नावं सुरू झाली. अनोळखी, लांब नावं, प्रत्येकामागे शांतता. सुलेखाने रेडिओ मोठा केला. अंबरीष वाडगा घेऊन दाराकडे धावला. आणि भिंत स्पष्ट मराठीत म्हणाली, "देवधर, जुई अंबरीष."

जुई जपानी शाळेत शिकलेली मुलगी. आपलं नाव ऐकलं की ती मुलं विचार करत नाहीत. ती ताडकन उभी राहिली, उजवा हात सरळ वर केला आणि म्हणाली, "हाइ!"

आवाज मात्र टेबलाकडून आला नाही. तो भिंतीपलीकडून आला.

रेडिओ थांबला. वाराही थांबला. मग पलीकडे खूप माणसं एकदम, हलक्या हाताने टाळ्या वाजवायला लागली.

जुई तिथेच होती. दुधाच्या मिशा होत्या, दप्तर होतं. फक्त डोक्यावर टोपी नव्हती, आणि ती कुठे गेली ते कोणालाच दिसलं नाही.

त्यांनी तिला शाळेत सोडलं. दुसरं काय करणार? दुपारी शाळेतून फोन आला. जुई-चान आज का आली नाही, बरं नाही का, असं बाई काळजीने विचारत होत्या. सुलेखा धावत गेली. जुई आपल्या बाकावर बसली होती. सकाळपासून बसली होती. तिने तीन वेळा हात वर केला होता, आणि जेवण वाढणाऱ्या मुलांनी तिच्यापुढे ताट ठेवलं नव्हतं म्हणून रडलीही होती. बाई तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत सुलेखाला म्हणाल्या, "लवकर बरं वाटू दे तिला."

घरी आल्यावर जुई बापाच्या मांडीवर येऊन बसली. मांडीवर वजन आलं नाही.

"बाबा," ती म्हणाली. गेल्या कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदाच मराठीत बोलली असेल. "तिकडे मला सगळे बघतात."

अंबरीषने वाडग्याकडे पाहिलं. तो टेबलावर होता, स्वच्छ, रिकामा. सकाळी त्याला वाटलं होतं की तो रिकामा ठेवून दिला की सुटलो. आता तसं करता येत नव्हतं. येणं-जाणं बंद झालं असतं, आणि मुलगी पलीकडे राहिली असती.

"यात काय घालू?" त्याने विचारलं.

सुलेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "लाडू घालू का?" ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून तिथेच खाली बसली.

अंबरीष उठला. कपाटातून त्याने आपला शिक्का काढला. या देशात माणसाला सहीपेक्षा शिक्का बरा पडतो. घर भाड्याने घेताना, बँकेत खातं काढताना, जुई जन्मली ते कळवताना त्याने तो उठवला होता. करंगळीएवढा, एका टोकाला गोलात कोरलेलं 'देवधर'. तो त्याने वाडग्यात ठेवला. लाकडावर टक् असा आवाज झाला.

"हे काय?" सुलेखा म्हणाली.

"त्यांना एक पूर्ण जिवंत माणूस हवाय. मूलच हवं असं कुठेय? शाळा बंद ठेवायचा आदेश काढायला जिवंत अकीम लागेल. निशिमुरा-सान म्हणाले तसं. नवा प्रमुख."

"तू ऑफिस सांभाळून गाव चालवणार? तुझ्या व्हिसावर बाइतो, जोडकाम, चालत नाही, अंबरीष." थट्टा अर्ध्यात सोडून ती रडायला लागली.

"पगार नाही," तो म्हणाला. "म्हणजे बाइतो नाही."

*

ओराझबेक दारातच उभा होता. त्याने वाडग्यात डोकावून पाहिलं. मागे सगळं गाव उभं होतं.

"आपल्याला कायदा माहीत आहे का?" तो म्हणाला. "माणूस एकाच ठिकाणी मोजला जातो. आणि मग हा पत्ता बदललात तर गावाबरोबर आपणही गवतात जाल."

"माहीत आहे. आठवडाभर तेच वाचलंय."

"आमच्या वर्गाचा अकीम लोक निवडतात. मतदार जिवंत असावा लागतो. इथे तसा एकच आहे."

"मग घ्या मतदान."

त्याने हात वर केला. अकीमने तो मोजला. गवतात कुठेतरी कोणीतरी खोकलं. एवढाच समारंभ झाला. ओराझबेकने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, अंबरीषच्या डोक्यावर ठेवली आणि एकदम खूप म्हातारा दिसायला लागला.

"पहिला आदेश?" त्याने विचारलं.

"६०४ची मुलगी हजेरीतून वगळावी. शाळा बंद. ६०४ सोडून दुसऱ्या एकाही दारात वाडगा जायचा नाही."

"दुसरा?"

"दुसरा काही नाही."

"चांगला कारभार," ओराझबेक म्हणाला. तो रस्त्याने चालत निघाला, पॉपलरच्या मधून, आणि गवताशी पोचला तेव्हा नुसता वारा झाला. खिडकीतली लाल स्वेटरवाली मुलगी त्याच्या मागोमाग गेली नाही. ती शेवटच्या बाकावरून अंबरीषकडे बघत राहिली. शाळा बंद झाल्यावर मुलं घरी जातात, पण हिचं घर हेच होतं.

संध्याकाळी ६०४च्या दारात वाडगा होता. त्यात पिवळी टोपी होती, नीट घडी घालून.

जुईने ती घातली आणि दाण्‌कन खुर्चीत बसली. खुर्ची करकरली. तो आवाज ऐकून सुलेखा इतकी हसली की पलीकडच्या राजीवने, दोन वर्षांत प्रथमच, भिंतीवर ठकठक केली.

*

आता जुईला शाळेत सगळे बघतात. बाईंनी तिला बरं वाटल्याबद्दल एक कार्डही दिलं.

अंबरीषचं तसं ठीक चाललंय. तोयोसुला ऑफिसच्या इमारतीचं आपोआप उघडणारं दार त्याच्यासाठी उघडत नाही. कोणीतरी येईपर्यंत तो बाजूला उभा राहतो आणि त्याच्यामागून आत शिरतो. त्याचं काम पूर्ण होतं, आणि कोण पूर्ण करतं हे कोणी विचारत नाही. निशिमुरा-सान सकाळी त्याच्या खुर्चीला वाकून नमस्कार करतात. वॉर्ड ऑफिसातून पत्र आलं, त्यात घरात दोन माणसं लिहिली होती. पत्राच्या डोक्यावर इंग्रजीत एदोगावा सिटी असं छापलेलं होतं. वॉर्डाने स्वतःला शहर म्हणवून घेतलेलं बघून अंबरीषला जरा धीर आला. म्हणायला काय जातं?

शनिवार-रविवार तो ६०५मध्ये असतो. तिथे त्याला सगळे ओळखतात. तक्रारी ऐकतो. तक्रारी थोड्या असतात, मुख्यतः वाऱ्याच्या. त्या लाल स्वेटरवाल्या मुलीला तो पुण्याच्या बातम्या सांगतो. दात पडला तेही सांगितलं. ती तोंडात बोट घालून आपले दात चाचपते.

रोज संध्याकाळी तो घरी येतो. सुलेखा तीन पानं घेते. ती त्याला बघते, पण सुईत दोरा ओवताना बघतात तसं, डोळे बारीक करून. जुई जरा उशिरा बघते. तो "काय गं" म्हणतो, आणि ती घासभर थांबते, आणि मग मान वर करते. हल्ली तो घास मोठा होत चाललाय. परवा तिने पूर्ण भात संपवला आणि मग विचारलं, "आई, बाबा आला का?"

"आलाय ना," सुलेखा म्हणाली. "बस, जेवतोय."

ती वाडग्यात वरणभात घालून ठेवते, वर तूप, लिंबाची फोड. तो वाडगा ती स्वतः पोचवते. जुईला पाठवत नाही. सकाळी तो दारात परत आलेला असतो, आणि रिकामा कधीच नसतो. तळाशी थोडी फिकट वाळू असते.

मागल्या रविवारी अंबरीष अकीमच्या टेबलाशी बसला आणि त्याने दुसरा आदेश काढायचा ठरवलं. पण आदेश स्वतःच्या गावापुरताच काढता येतो. म्हणून त्याने अर्ज लिहिला, शिक्का उठवला, आणि दाराबाहेर गवतात, वाऱ्यात सोडून दिला.

प्रति,
शहरांचा दर्जा ठरवणारे मा. अधिकारी,
जिथे असतील तिथे.

विषय : एका रहिवाशाची दोन ठिकाणी गणना होणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, मौजे झेल्दीकुम (विलीन, ६०५) येथील जिवंत लोकसंख्या एक असून ती समाधानकारक आहे. सदर ठिकाणास शहराचा दर्जा मिळावा अशी मागणी नाही. तालुका महत्त्वही नको. तथापि सदर एक रहिवासी हा शेजारील ६०४ येथे एका मुलीचा बाप म्हणून पूर्वीपासून कार्यरत आहे व त्या पदावर दुसरी नेमणूक झालेली नाही. सबब माणूस एकाच ठिकाणी मोजला जातो या नियमास अपवाद करून अर्जदाराची गणना दोन्ही ठिकाणी पूर्ण अशी व्हावी. ते शक्य नसल्यास, निर्णय होईपर्यंत, रोज फक्त संध्याकाळच्या जेवणापुरते अर्जदारास ६०४ येथे हजर समजण्यात यावे, व मुलीने पहिल्याच हाकेला वर बघावे, ही नम्र विनंती.